८८.१ वरचा खून

३ सप्टेंबर २००५, शनिवार

मार्चनंतर आज वही उघडली. सहा महिन्यांत एक ओळ लिहिली नाही, याबद्दल माफी. ती कोणाची मागायची हे ठरत नाही. वहीची मागावी तर ती वस्तू आहे, आणि स्वतःची मागावी तर मी ती फार लवकर देऊन टाकीन. आई एप्रिलमध्ये गेली. त्यानंतर लिहायला बसलो की पहिलं वाक्यच जमत नसे. आज निमित्त रेडिओचं आहे, म्हणून जमतंय.

बाबा आता आमच्याकडे राहतात. दर रविवारी माझ्या आणि माझी बायको रेनेच्या सोबत चर्चला येतात आणि आत न येता पटांगणात गाडीत बसून राहतात. सात वर्षांपूर्वी चर्चच्या बाकांना गाद्या लावायचा ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला. बाबा विरोधात होते. "देवासमोर बसल्याचं ढुंगणाला कळलं पाहिजे," असं सभेत म्हणाले, आणि तेव्हापासून आत पाऊल नाही. आई होती तोवर ती एकटी जायची, बाबा घरी. आता मात्र येतात. का येतात ते मी विचारलेलं नाही. आमच्या टोलविक गावात असं कोणी कोणाला विचारत नाही. आमच्या गाडीच्या सीटची गादी चर्चच्या गादीच्या दुप्पट जाड आहे, हे रेने एकदा बोलणार होती. मी तिच्या पायावर पाय दिला.

सव्वा तास गाडीत बसून माणसाने करायचं काय? आपल्या भागात रेडिओवर गव्हाचे भाव आणि खरखर, एवढंच लागतं. म्हणून रेनेने उपग्रहाचा रेडिओ आणला. शंभरावर वाहिन्या. त्यातल्या एकीवर दिवसभर जुन्या काळची रहस्यनाट्यं.

आज तो बसवला. अँटेना आगपेटीएवढी, खाली चुंबक. पुस्तिकेत लिहिलंय की ती टपावर, कडेपासून किमान पंधरा सेंटिमीटर आत ठेवावी. मी टेप लावून खडूने चौकोन आखला. बाबा खुर्ची टाकून बघत होते.

"लोवेल, कोठार बांधतोयस का?"

"बाबा, सूचना आहेत."

"चुंबक आहे ना? मग ठेव की."

ठेवली. केबल मागच्या दाराच्या रबरी पट्टीखालून आत घेतली, गालिच्याखालून पुढे आणली. रिसीव्हर डॅशबोर्डवर चिकटवला. कंपनीला फोन करून नंबर दिला. तिथल्या बाई म्हणाल्या, गाडी चालू ठेवा, दहा मिनिटांत उपग्रहाकडून परवानगी येईल. पाऊण तास वाट पाहिली. पुन्हा फोन. पुन्हा वाट. मग बाबा म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही. पण वर गॅरेजचं छप्पर आहे."

गाडी बाहेर काढली. चार मिनिटांत रेडिओ बोलायला लागला. मी जिल्हा कचेरीत लोकांच्या इमारतींची मोजमापं घेऊन कर ठरवतो. छप्पर आहे की नाही हे पाहणं माझं रोजचं काम आहे. हे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मी स्वतःला हुशार समजणार नाही.


५ सप्टेंबर, सोमवार

सुट्टी. एक अडचण राहिली होती. हा रिसीव्हर आवाज थेट गाडीच्या स्पीकरला देत नाही. तो स्वतःच एक छोटंसं प्रक्षेपण करतो आणि गाडीचा एफएम रेडिओ ते पकडतो. पुस्तिका सांगते की जिथे दुसरं काही ऐकू येत नाही असा रिकामा आकडा निवडा. मी शनिवारी सगळे आकडे तपासले होते. ८८.१ वर पूर्ण शांतता. तो लावला. पण आवाजात खरखर होती. प्रक्षेपणाची तार करंगळीएवढी आखूड, त्यामुळे असेल. घरात वीस फूट तांब्याची तार पडून होती. ती जोडली, आणि लोंबू नये म्हणून टपावरच्या सामानाच्या दांड्याला गोल गोल गुंडाळली. वरून टेप लावला.

आता आवाज घंटेसारखा स्वच्छ येतो. रेने स्वयंपाकघरातून ओरडली, "माझ्या रेडिओवर कोणीतरी एका बाईला गोळी घातली!" मी म्हणालो, "योगायोग असेल." असं न तपासता बोलायला नको होतं.


११ सप्टेंबर, रविवार

हजेरी: ३१.

मी चर्चच्या सभासदांच्या मंडळीचा सचिव असल्यामुळे दर रविवारी मागच्या बाकावरून डोकी मोजतो. बिशपांच्या कार्यालयातून पत्र आलंय. एवढ्या थोड्या माणसांत वेगळं चर्च चालवणं कठीण. त्यापेक्षा हे बंद करून अठ्ठावीस मैलांवरच्या गॅरोच्या मंडळीत सामील व्हावं का, याचा निर्णय आमच्याच लोकांनी ३० ऑक्टोबरच्या सभेत मतदानाने घ्यायचा. पास्टर कोरीन पत्र वाचताना दोनदा थांबल्या. त्या चार वर्षांपूर्वी विस्कॉन्सिनहून आल्या. कॉफीच्या वेळी मला म्हणाल्या, "लोवेल, माझ्या प्रवचनात काही कमी पडतंय का? खरं सांगा."

मी म्हणालो, "वाईट नसतात." आमच्याकडे ही मोठी स्तुती आहे, पण त्या विस्कॉन्सिनच्या. त्यांचा चेहरा उतरला. घरी येईपर्यंत मला तेच टोचत होतं.

बाबा खूश. गाडी कुठे लावायची ते त्यांनीच सांगितलं: पटांगणाचा आग्नेय कोपरा, कबरस्तानाच्या कुंपणाला लागून. मला आश्चर्य वाटलं, कारण उपग्रह दक्षिणेला आहे आणि त्या कोपऱ्यातून दक्षिणेचं आभाळ अगदी मोकळं दिसतं. पुस्तिका न वाचता त्यांना ते उमगलं. आईची जागाही तिथे कुंपणापलीकडेच आहे. गाडी तशी चर्चच्या भिंतीलाही जवळच पडते.

डिटेक्टिव्ह डोलन नावाची मालिका लागते. दहाला सुरू, अकराला संपते. बाबांना आवडली. "फक्त मधे मधे मागून एक बाई काहीतरी पुटपुटते," म्हणाले.

"कथेतली?"

"नाही. ती कोकरांबद्दल बोलत होती. डोलन गोदीवर होता."

उपग्रह वळताना दुसरी वाहिनी मिसळत असावी. कंपनीला पत्र लिहीन.


१८ सप्टेंबर, रविवार

हजेरी: ३६.

आज एक घटना. पास्टरबाई क्षमेबद्दल बोलत होत्या. नेहमीसारखंच, सरळ. अचानक दुसऱ्या बाकावरच्या आर्डिसबाईंनी पुढचा कठडा घट्ट धरला आणि मोठ्याने म्हणाल्या, "अगं, मागे बघ!"

आर्डिस क्वाम्मे ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांना मी आजवर चर्चमध्ये शिंकतानाही ऐकलेलं नाही. पास्टरबाई क्षणभर थांबल्या आणि मग भारावून म्हणाल्या, "हो, आर्डिसबाई. आपण सगळ्यांनीच मागे वळून बघायला हवं."

कॉफीला मी आर्डिसबाईंना विचारलं, "बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीय?" म्हणाल्या. पण गोऱ्यामोऱ्या झाल्या होत्या. मग हळूच विचारलं, "लोवेल, कानाचं ते यंत्र... वयाप्रमाणे माणसाला काहीबाही ऐकू येऊ शकतं का रे?"

कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आमच्याकडे चौदा छोटे खिशातले रेडिओ आहेत, कानात घालायच्या बोंडासह. लेलंड ब्रेकेंनी वेदीखाली एक लहान प्रक्षेपक बसवून ती सोय केली होती, तयार यंत्रणा महाग पडत होती म्हणून. लेलंड पूर्वी विजेची कामं करायचे. मी आर्डिसबाईंना म्हणालो, कानाच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना दफनाची तारीख विचारली होती.


२ ऑक्टोबर, रविवार

हजेरी: ४४! मागच्या रविवारी ४०.

कारण मला कळत नाही, पण स्वरूप कळतं. जे म्हातारे महिन्यातून एकदा यायचे ते आता दर रविवारी येतात, आणि म्हाताऱ्यांना गाडीतून आणायला कोणीतरी लागतं, म्हणून मुलगा-सूनही येतात. आर्डिसबाईंची सून म्हणाली, "सासूबाई नऊ वाजल्यापासून कोट घालून दारात उभ्या. मी म्हटलं, देव कुठे पळून जात नाहीये! तर म्हणाल्या, देव नाही गं, पण दहा वाजतात."

चौदाही रेडिओ जातात. पंधरावा लेलंड घरून घेऊन येतात, आणि त्यांना तर माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतं. "यंत्रणा तपासतोय," म्हणाले. दोन आठवडे तपासतायत. काम मन लावून करणारा माणूस.

आज पास्टरबाईंनी पुनरुत्थानाची गोष्ट सांगितली: मरीया बागेत रडत उभी आहे, समोर येशू उभा आहे, पण तिला तो बागेचा माळी वाटतो. अगदी त्याच वाक्यावर लेलंड बाकावरून अर्धे उठले आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "माळीच! मी म्हणतच होतो!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. पास्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर मला म्हणाल्या, "लोवेल, इतका जिवंत प्रतिसाद मला आयुष्यात मिळाला नाही. या लोकांना मी ओळखलंच नव्हतं."

मी म्हणालो, "वाईट नव्हतं." या वेळी त्या हसल्या. शिकतायत.


९ ऑक्टोबर, रविवार

हजेरी: ५१.

पावणेअकराला उपासना संपते. पूर्वी शेवटच्या गीताचा शेवटचा स्वर विरायच्या आत लोक तळघरात कॉफीच्या रांगेत असायचे. आज चौदा-पंधरा म्हातारी माणसं डोकी खाली घालून, डोळे मिटून, कानातली बोंडं तशीच ठेवून बसून राहिली. अकरापर्यंत. कोणी हललं नाही. बरोबर अकराला सगळे एकदम उठले आणि एकमेकांकडे न पाहता कॉफीला गेले.

पास्टरबाई दाराशी हात जोडून उभ्या होत्या. कुजबुजल्या, "मौन प्रार्थना. मी न सांगता!" त्यांनी बिशपांना लिहायचं ठरवलंय की इथे काहीतरी जागं होतंय आणि त्या स्वतः इथून जाऊ इच्छित नाहीत.

मी प्रार्थना करताना आधी मनातल्या मनात यादी करतो आणि मग तिच्यावर टीका करतो. या लोकांचा मला हेवा वाटला.

बाहेर आलो तर बाबा पुन्हा उजवीकडची, कुंपणाकडची काच पूर्ण खाली करून बसलेले. बाहेर गोठायला दोनच अंश कमी होते. आवाजही मोठा.

"बाबा, सर्दी होईल. काच वर घ्या."

"राहू दे. केबल दबते."

केबल त्या दारातून जातच नाही. तरी त्यांना अँटेनाची काळजी वाटते, हे बरं वाटलं. "तुझी आई कपडे वाळत घालताना असलंच काहीतरी ऐकायची," म्हणाले. "निम्म्यातच ओळखायची."  प्रत्येक रविवारची गोष्ट आधीच्या बुधवारीही लागते, ती ते घराच्या अंगणात गाडीत बसून ऐकतात. तेव्हा मात्र काच बंद असते. अंगणात वारा कमी असतो म्हणून असेल.


१६ ऑक्टोबर, रविवार

५७. दोनदा मोजली. आठ वर्षांत नाताळ सोडून एवढी कधीच नव्हती. मतदानात चर्च तरेल असं आता सगळेच धरून चाललेत. मी पण.


२२ ऑक्टोबर, शनिवार

क्रमाने लिहितो.

आज चर्चमध्ये हिवाळ्याची तयारी होती. खिडक्यांना दुसऱ्या काचा बसवायच्या, पानं गोळा करायची. बाबा नेहमीच्या कोपऱ्यात गाडीत. माझ्याकडे खिशातल्या रेडिओंच्या बॅटऱ्या बदलायचं काम होतं. एक एक उघडायचा, बॅटरी घालायची, कानाला लावून खरखर येते का पाहायचं आणि टोपलीत टाकायचं. आज वेदीखालचा प्रक्षेपक बंद, म्हणजे खरखरच यायला हवी.

पहिलाच कानाला लावला. आत एक पुरुष म्हणाला, "हलू नकोस, विल्मा. चाकू खाली ठेव."

दुसरा लावला. त्यातही विल्मा. तिसऱ्यात विल्माने चाकू खाली ठेवला. मी सगळे चौदाच्या चौदा तपासले. एक ऐकून थांबायला हवं होतं, पण माझा स्वभाव. रेडिओच्या पाठीवर लेलंडच्या अक्षरात चिकटपट्टी आहे: "८८.१. हात लावू नये."

शनिवारी चर्चचा प्रक्षेपक बंद असतो. म्हणून शनिवारी मला ८८.१ रिकामा सापडला. आणि वीस फूट तार मी माझ्या हातांनी गुंडाळली.

तिथेच पायरीवर बसलो. "अगं, मागे बघ!" आठवलं. माळी आठवला. मौन प्रार्थना आठवली. बाबांच्या रेडिओतली कोकरांबद्दल पुटपुटणारी बाई म्हणजे पास्टर कोरीन, हेही आठवलं. उपग्रह कंपनीला मी दोन पत्रं पाठवली आहेत. दुसरं जरा कडक होतं.

मात्र एक गोष्ट उलगडत नाही. पंधरा माणसांना सहा आठवडे प्रवचनाऐवजी खून ऐकू येतात आणि एकानेही तोंडातून शब्द काढला नाही! पण मग मी स्वतःला विचारलं, लोवेल, तुझ्या कानात खून झाला असता तर तू काय केलं असतंस? मीही गप्प बसलो असतो. उगाच कशाला कोणाला त्रास.


२३ ऑक्टोबर, रविवार

६०. सांगायची हिंमत झाली नाही. आता माहीत असल्यामुळे नुसतं चेहऱ्यांकडे पाहत होतो. कबुलीची प्रार्थना चालू असताना आर्डिसबाई नखं खात होत्या. आज गोष्ट बोटीवरची, दोन भागांची. अकराला "उरलेला भाग पुढच्या रविवारी" असं झालं असणार, कारण पंधरा माणसं एकदम हताशपणे बाकावर मागे रेलली.


२५ ऑक्टोबर, मंगळवार

रेनेला सांगितलं. ती आधी इतकी हसली की भांडी घासणं थांबवून खाली बसली. मग गंभीर झाली.

"रविवारपर्यंत तोंड उघडायचं नाही, लोवेल."

"ही हजेरी खोटी आहे."

"साठ माणसं येतात. माणसं खोटी आहेत का?"

"ती डोलनसाठी येतात."

"आणि आधी कशासाठी यायची? देवासाठी? अर्धी तर तुझ्या आत्याच्या लिंबाच्या वड्यांसाठी यायची. तेव्हा नाही तुला खोटी वाटली हजेरी!"

"पण पास्टरबाई त्या आकड्यावर बिशपांना लिहितायत. इथे राहायचं ठरवतायत."

तिने हातातला फडका पिळला. मग म्हणाली, "चर्च बंद झालं तर बाबांचं काय?"

"त्यांना गॅरोला नेऊ. तिथलं पटांगण मोठं आहे, आभाळही मोकळं."

रेनेने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तू खरंच हुशार आहेस का रे?" म्हणाली आणि उरलेली भांडी घासायला उठली. मी विचार केला, पण तिचा रोख लक्षात आला नाही.


२९ ऑक्टोबर, शनिवार

ठरलं. उद्या मतदानाआधी सांगायचं. न सांगता जिंकलो तर दर रविवारी डोकी मोजताना मला विल्मा आठवेल. सांगून हरलो तर चर्च माझ्यामुळे बंद झालं असं लोक म्हणतील. म्हणणार नाहीत, मनात ठेवतील. ते जास्त वाईट.

बाबांना म्हटलं, "उद्या एक दिवस रेडिओ लावू नका." कारण विचारलं नाही. फक्त म्हणाले, "बरं. मी बुधवारी ऐकलाय उरलेला भाग." मग जरा थांबून, "पण मग उद्या..." एवढं म्हणून वाक्य सोडून दिलं.


३० ऑक्टोबर, रविवार

हजेरी: ६१. सविस्तर लिहितो.

दहा वाजले. पंधरा जणांनी कानात बोंडं घातली. प्रवचन सुरू झालं आणि मी मागून पाहिलं: आर्डिसबाईंनी रेडिओ काढून हलवला. पुन्हा कानाला लावला. तळहातावर आपटला. पलीकडे लेलंड आपल्या रेडिओची बॅटरी काढून पुसत होते. मग सात आठवड्यांत पहिल्यांदा ती माणसं मान वर करून एकमेकांकडे पाहू लागली. पास्टरबाईंनी एक विनोद केला. कोणी हसलं नाही. त्यांचा आवाज हळूहळू बारीक झाला.

सभा तळघरात, कॉफीसोबत. पास्टरबाईंनी प्रस्ताव वाचला. मी उभा राहिलो. लिहून आणलं होतं, पण कागद उलटा धरला होता, म्हणून तोंडी सांगितलं. अँटेना, ८८.१, तार, सगळं. शेवटी म्हणालो, "तेव्हा ही वाढलेली हजेरी पवित्र आत्म्यामुळे नसून माझ्या तांब्याच्या तारेमुळे आहे. मत देताना हे लक्षात घ्यावं."

कोणीतरी कॉफीच्या भांड्याचा नळ बंद केला.

पास्टरबाई खुर्चीवर बसल्या. "किती रविवार?"

"सात."

त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे क्षमेच्या प्रवचनात..."

"तिच्या मागे तो दोरी घेऊन उभा होता, पास्टर," आर्डिसबाई म्हणाल्या. "मी गप्प कशी बसणार?"

"आणि गेल्या रविवारी तुम्ही रडलात ते?"

"बोटीवरचं कुत्रं मेलं."

"अगं बाई, तुलाही?" मागून कोणीतरी म्हणालं. "मला वाटलं माझ्याच डोक्यात बिघाड झालाय!"

"मी तर मृत्युपत्र बदलून घेतलं," दुसरं कोणीतरी.

मग बांध फुटला. पंधरा माणसं एकदम बोलू लागली. प्रत्येकाला वाटत होतं की आवाज आपल्यालाच येतात. लेलंड म्हणाले, "मला दुसऱ्याच रविवारी कळलं होतं कोणीतरी ८८.१ वर चढलंय. पण म्हटलं, कोणी मुद्दाम केलं असेल तर उगाच त्याचं मन कशाला दुखवा."

"आणि माझं?" पास्टरबाई म्हणाल्या.

लेलंड बुटांकडे पाहू लागले. बाकीचे आपापल्या कपात पाहू लागले. इथेच चर्च बुडालं, असं मला वाटलं.

तेव्हा आर्डिसबाईंनी हात वर केला, सभेत करतात तसा रीतसर. "माझा एक प्रश्न आहे. दुसऱ्या भागात खून कोणी केला?"

कोणालाच माहीत नव्हतं. "बाबांनी बुधवारी ऐकलाय," मी म्हणालो, आणि लगेच वाटलं की म्हणायला नको होतं.

"मग उभा काय राहिलास? ऑर्विनला घेऊन ये!"

बाहेर गेलो. बाबा गाडीत नव्हते. कुंपणापाशी टोपी हातात घेऊन उभे होते आणि हलक्या आवाजात काहीतरी सांगत होते. "...आणि धुकं इतकं, की समोरचं माणूस दिसेना," एवढं मला ऐकू आलं. सराव करत असावेत. पण आपल्याला बोलावणं येणार हे त्यांना आधीच कसं कळलं, कोण जाणे. मला पाहून थांबले.

"बाबा, आत बोलावलंय. गोष्ट सांगायला."

"आत गाद्या आहेत."

"तळघरात नाहीत. पत्र्याच्या खुर्च्या आहेत."

त्यांनी विचार केला. "गार?"

"बर्फासारख्या."

"चल."

सात वर्षांनी बाबा त्या जिन्यावरून खाली आले. सगळ्यांनी ते पाहिलं आणि कोणीही पाहिल्याचं दाखवलं नाही. कोणीतरी त्यांच्या हातात कॉफी दिली. एक खुर्ची पुढे सरकवली. ती त्यांनी हाताने चाचपून पाहिली आणि समाधानाने बसले.

"हं, ऑर्विन," आर्डिसबाई म्हणाल्या, "कप्तानाची बायको की धाकटा भाऊ?"

"तुमचं मतदान झालं का?"

"अजून नाही," पास्टरबाई म्हणाल्या.

"मग आधी ते होऊ दे."

"ऑर्विन, हा काय प्रकार?" लेलंड म्हणाले.

"कुठे काय? तुमचं काम मोठं, माझं छोटं. मला घाई नाही. कॉफी बरी आहे."

"आणि चर्च बंद करायचं ठरलं तर?"

बाबांनी एक घोट घेतला. "तर गॅरोला जाऊन विचारा. तिथे कोणाला माहीत असेल तर."

पहिल्यांदा कोण हसलं ते मला दिसलं नाही, पण पास्टरबाई असाव्यात. बाबा हसत नव्हते. कप त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. थंडी बरीच होती.

चिठ्ठ्या वाटल्या. मतमोजणी मी आणि लेलंडनी केली, मी दोनदा. मतदार बावन्न. चर्च ठेवावं: सेहेचाळीस. बंद करावं: सहा. पास्टरबाईंनी आकडा वाचला आणि वाचताना या वेळी एकदाही थांबल्या नाहीत.

मग बाबांनी गोष्ट सांगितली. पंचवीस मिनिटं. बाबांना मी सलग पंचवीस मिनिटं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. धुक्यापासून सुरुवात केली, बोटीची लांबी-रुंदी सांगितली, इंजिन कुठल्या जातीचं असावं याचा अंदाज दिला. आणि खून निघाला बोटीच्या स्वयंपाक्याने केलेला.

"स्वयंपाकी?" लेलंड उसळले. "त्याचा तर उल्लेखच नव्हता!"

"होता. पहिल्या भागात सूप करपवलं त्याने," आर्डिसबाई म्हणाल्या. "तेव्हा तू गात होतास."

वाद अजून चालू असावा. आम्ही निघालो तेव्हा लेलंड बोटीचा नकाशा काढत होते. रेडिओचा आकडा मी बदलायचा, आणि ज्यांना ऐकायचंय त्यांनी बाबांकडून उपासनेनंतर तळघरात ऐकायचं, असं सगळ्यांच्या संमतीने ठरलं.

पास्टरबाईंची माफी मागायला गेलो. त्या कप विसळत होत्या. "काल सांगितलं असतंत तर मी रडले असते, लोवेल," म्हणाल्या. "आता विचार करतेय की माझ्याकडे सात प्रवचनं आहेत जी इथे कोणी ऐकलेलीच नाहीत. नाताळपर्यंत मला नवीन लिहायला नको." मग मागे वळून, "गोष्ट काही वाईट नव्हती."

आता एकच पेच उरलाय. सभेचं इतिवृत्त बिशपांकडे जायचंय आणि ते खरं असायला हवं. मतदानाआधी एका सभासदाने माहिती दडवून सभेला निर्णय घ्यायला लावला, हे झालंय. कोणी तक्रार न करता झालंय, आनंदाने झालंय, पण झालंय. कच्च्या मसुद्यात मी "श्री. ऑर्विन स्कोगस्टाड यांनी सभेकडून खंडणी घेतली" असं लिहिलं. रेनेने वाचलं आणि पेन काढून घेतलं.

उद्या: "खंडणी"ला बिशपांपुढे चालेल असा दुसरा शब्द शोधणे.